हँडल लॉक केलंय की!

घराला कुलूप लावलं की ते दोनदा ओढून बघायची आपल्याकडे पद्धत आहे. गॅस बंद झाला का, नळ नीट फिरवला का, मागचं दार लावलं का, हे सगळं बघून माणूस पायरी उतरतो, चार पावलं जातो आणि परत येऊन पुन्हा एकदा कुलूप ओढतो. तोच माणूस लाखाच्या घरातली मोटारसायकल गणपत गल्लीच्या तोंडाशी उभी करतो, किल्ली खिशात टाकतो आणि मागं वळूनही न बघता भाजी घ्यायला निघून जातो. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "हँडल लॉक केलंय की!"

आपल्या भागात दुचाकी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही, हे वेगळं सांगायला नको. कंग्राळी, कडोली, येळ्ळूरहून पहाटे दुधाचे कॅन आणि भाजीच्या पेंढ्या शहरात येतात त्या दुचाकीवरूनच. उद्यमबागेत रात्रपाळीला जाणारा कामगार, सकाळी मुलांना शाळेत सोडून स्वतः नोकरीवर पोचणारी आई, खेड्यातून कॉलेजला येणारा विद्यार्थी, या सगळ्यांचे पाय म्हणजे त्यांची गाडी. ती एका दुपारी नाहीशी होते तेव्हा नुसता पैशाचा खड्डा पडत नाही, तर त्या घराचा दिवसच कोलमडतो. म्हणून या आठवड्यात थोडं रुक्ष वाटलं तरी याच विषयावर लिहायचं ठरवलं आहे.

आधी त्या हँडल लॉकचंच बघू. हँडल एका बाजूला वळवून किल्ली फिरवली की पोलादाची एक छोटी कांडी पुढं सरकते आणि हँडलच्या दांड्यातल्या खाचेत बसते. अडसर म्हणतात तो एवढाच. जोर लावणाऱ्यापुढं तो फार वेळ टिकत नाही. किल्लीचं दुसरं काम म्हणजे इंजिनाची वीज चालू-बंद करणं. ते एक बटण आहे, कुलूप नव्हे. ते गाडीचं चाक धरून ठेवत नाही. त्यातून गाडी जुनी असेल, तर वर्षानुवर्षं फिरून किल्लीचे दातही झिजलेले असतात आणि आतलं घरही सैल झालेलं असतं. अशा घरात दुसऱ्याच गाडीची किल्ली फिरल्याचे किस्से प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकायला मिळतात. आपल्या घरातली जुनी गाडी अशी सैल झाली असेल तर कुलपांचा पूर्ण संच बदलून घ्यावा. गाडीच्या किमतीपुढं तो खर्च काहीच नाही.

याचा अर्थ हँडल लॉक निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. ते केलंच पाहिजे आणि केल्यावर हँडल एकदा हलवून बघितलं पाहिजे. पुष्कळदा किल्ली फिरते, पण कांडी खाचेत बसलेली नसते. मात्र हँडल लॉक ही पहिली पायरी आहे. आपण तिलाच शेवटची समजतो, तिथं घोटाळा होतो.

दुचाकीच्या चोरीत सिनेमातल्यासारखं काही घडत नाही. कोणी तोंडाला फडकं बांधून येत नाही की पळापळ होत नाही. एक माणूस शांतपणे येतो, आपलीच गाडी असल्यासारखा तिच्यावर बसतो आणि निघून जातो. आजूबाजूला शंभर माणसं असतात, पण दुसऱ्याच्या गाडीचा मालक कोण हे कुणाला ठाऊक असतं? म्हणूनच गर्दीत गाडी सुरक्षित असते हा समज चुकीचा आहे. गर्दी चोराला लपवते आणि रात्रीची सामसूम त्याला सवड देते. त्याला हवी असतात ती दोन-तीन मिनिटं, आणि मालक लवकर परत येणार नाही याची खात्री.

ही खात्री आपणच त्याला छापून देतो. लग्नपत्रिकेवर मुहूर्ताची वेळ असते. मंगल कार्यालयाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांचे मालक अक्षता पडून जेवणाची पंगत उठेपर्यंत बाहेर येणार नाहीत, हे कुणालाही कळतं. आमच्या कॉलेजात परीक्षेचं वेळापत्रक फलकावर लागतं. तीन तासांचा पेपर म्हणजे आवारातल्या गाड्यांवर तीन तास कुणाचं लक्ष नाही. गणेशोत्सवात देखावे बघायला खेड्यापाड्यांतून माणसं येतात आणि गल्लीबोळांत मिळेल तिथं गाड्या लावून रात्रभर फिरतात. सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा असो की गावची जत्रा, तिथंही हाच प्रकार. अशा वेळी गाडी थोडी लांब का होईना, पण पावती देणाऱ्या स्टँडवर लावावी. दहा-वीस रुपये वाचवायला म्हणून अंधाऱ्या बोळात गाडी घालू नये.

कुलपांचा मूळ हेतू नीट समजून घेतला तर कोणतं घ्यायचं हा प्रश्न सोपा होतो. अजिबात तुटणार नाही असं कुलूप अजून कुणी बनवलेलं नाही. कुलपाचं काम चोराचा वेळ वाढवणं एवढंच आहे. दोन मिनिटांचं काम दहा मिनिटांवर गेलं आणि त्यात आवाज झाला की तो शेजारच्या गाडीकडं वळतो. म्हणून जाणकार सांगतात की दोन वेगळ्या जातीची कुलपं वापरावीत. एक तोडायला लागणारं हत्यार दुसऱ्याला चालत नाही.

पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असेल तर त्याच्या तबकडीच्या भोकात बसणारं डिस्क लॉक मिळतं. ते छोटं असतं आणि खिशात मावतं. त्यात एकच धोका असतो. घाईत ते काढायचं राहिलं आणि गाडी पुढं रेटली की चाक अडकतं आणि माणूस तोंडावर पडतो. त्यासाठी कुलपापासून हँडलपर्यंत जाणारी रंगीत दोरी मिळते, ती जरूर लावावी. दोरी दिसली की आठवण होते. साध्या ड्रम ब्रेकच्या गाड्यांना मात्र हे कुलूप बसत नाही, आणि आपल्या खेड्यांतल्या बहुतेक जुन्या गाड्या त्याच प्रकारच्या आहेत. तिथं जाड पोलादी साखळी बरी. साखळी पुढच्या चाकात घालू नये, कारण ते चाक सुटं करता येतं. मागच्या चाकातून आणि गाडीच्या सांगाड्यातून साखळी ओवावी, आणि शक्य असेल तर ती जमिनीत पक्क्या रोवलेल्या खांबाला किंवा भिंतीतल्या कडीला बांधावी. नुसतं चाक बांधलेली गाडी चौघांनी उचलून टेम्पोत टाकली की संपलं. साखळी जमिनीवर लोळत ठेवू नये. खाली फरशीचा आधार मिळाला की ती तोडणं सोपं जातं. ती वर ताणून, कुलपाचं तोंड खाली येईल अशी बांधावी.

रोज बाजारात जाताना एवढी जड साखळी कोण नेणार, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. साखळी घरी ठेवावी, रात्रीसाठी. घराच्या भिंतीत किंवा जोत्यात एक मजबूत कडी गवंड्याकडून बसवून घ्यावी. पूर्वी गोठ्यात दावणीला खुंटा असायचा, तसाच हा गाडीचा खुंटा समजा. गाडी दिवसातले सर्वांत जास्त तास उभी असते ती आपल्या दारातच, आणि आपण झोपलेलो असतो तेव्हाच. दिवसा बाहेर जाताना डिस्क लॉक किंवा चाकाचं हलकं कुलूप पुरतं.

आता यंत्रांकडं येऊ. धक्का लागला की ओरडणारा अलार्म वाईट नाही. पण रस्त्यावरून लॉरी गेली तरी तो कोकलतो, आणि चार दिवसांत गल्लीतली माणसं तिकडं लक्ष देईनाशी होतात. गाडी कुठं आहे हे मोबाईलवर दाखवणारं जीपीएस यंत्रही आता बरेच जण बसवतात. त्यात सिमकार्ड असतं, त्याचं रिचार्ज वेळेवर करावं लागतं, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर ते बॅटरी खातं. कणकुंबीच्या पुढं घाटात मोबाईलला रेंज मिळत नाही, तिथं हे यंत्रही मुकं होतं. आणखी एक सांगायला हवं. गाडीचा ठावठिकाणा मोबाईलवर दिसला म्हणून पोरांची टोळी घेऊन स्वतः तिकडं धावू नये. ती माहिती पोलिसांना द्यावी. गाडी पुन्हा घेता येते. गुप्त ठिकाणी एखादं जास्तीचं बटण बसवून घेण्याचा उपायही जुना आणि स्वस्त आहे, मात्र नव्या इंजेक्शनच्या गाड्यांना वायरिंगमध्ये हात घालण्याआधी वॉरंटीचं काय होतं ते सर्व्हिस सेंटरला विचारून घ्यावं.

दोन जास्तीची चाकं लावलेली दिव्यांगांची स्कूटर आपण रोज बघतो. ती चोरीला गेली तर त्या माणसाचं बाहेर पडणंच थांबतं. चोरलेली गाडी चोराला जशीच्या तशी विकता येत नसली तरी जास्तीची चाकं उतरवून ती विकली जाते. या गाडीच्या मालकाला वाकून चाकाला कुलूप लावणं पुष्कळदा शक्य नसतं. बँकेत, कॉलेजात, दवाखान्यात वॉचमनच्या नजरेसमोरची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवणं हे काही मोठं काम नव्हे. जिथं ती जागा नाही, तिथं गाडी लावल्यावर त्यांना "मी लावून देतो कुलूप" म्हणणारा एक जण मिळाला तरी पुरे.

किल्लीबद्दल दोन गोष्टी. "एक मिनिटात आलो" म्हणून किल्ली गाडीलाच ठेवून दुकानात शिरणं ही आपल्या सगळ्यांची आवडती खोड आहे. ते एक मिनिट कधीच एक मिनिटाचं नसतं. आणि दुसरी किल्ली त्याच जुडग्यात अडकवून फिरू नये. ती घरी, कपाटात, शोरूमने दिलेल्या किल्लीच्या नंबराच्या बिल्ल्यासह ठेवावी. विम्याचा दावा करताना कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. तसंच मूळ आरसी बुक स्कूटरच्या डिकीत ठेवू नये. गाडीबरोबर तिचे कागदही चोराला बक्षीस देण्यासारखं आहे ते. २०१८ पासून डिजिलॉकरमधली आरसी आणि लायसन्स मूळ कागदांसारखीच ग्राह्य धरली जातात, त्यामुळं वाटेत पोलिसांनी अडवलं तर मोबाईलवर दाखवता येतं.

इतकं करूनही गाडी गेली तर? तिथं एका मुलाची गोष्ट सांगितलीच पाहिजे.

चंदगड तालुक्यातल्या एका खेड्यातून आमच्या कॉलेजात यायचा तो. पहाटे डेअरीला दूध घालायचं, मग गाडीला टांग मारून पहिल्या तासाला हजर. वडिलांनी उसाच्या बिलावर सोसायटीचं कर्ज आणि वर फायनान्सचे हप्ते अशी दुहेरी कसरत करून गाडी घेतलेली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एका दुपारी तो स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. "गाडी गेली की सर!" एवढंच म्हणाला. बसस्टँडजवळच्या एका दुकानासमोर लावली होती, अर्ध्या तासात नाहीशी झाली. मी त्याच्याबरोबर पोलीस स्टेशनला गेलो. तक्रार झाली. बाहेर आल्यावर मी त्याला धीर द्यायला म्हटलं, विमा असेल ना? तो म्हणाला, "आहे की सर, पाच वर्षांचा आहे."

घरी जाऊन त्यानं पॉलिसी आणली तेव्हा कळलं ते असं. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला आहे. शोरूममधून गाडी निघताना हा विमा असतोच. पण थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. आपली गाडी चोरीला गेली तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही. चोरीची भरपाई येते ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, म्हणजे 'ओन डॅमेज' विम्यातून, आणि तो बहुतेक नव्या गाड्यांना पहिल्या एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षापासून तो आपण होऊन भरायचा असतो. कागदावर मोठ्या अक्षरात पाच वर्षांची तारीख असल्यामुळं माणूस निर्धास्त राहतो. या मुलाच्या गाडीला दुसरं वर्ष चालू होतं. गाडी गेली, भरपाई नाही आणि हप्ते मात्र चालूच. पुढं काही महिने तो एसटीनं आला. पहिले दोन तास बुडायचे. तिसऱ्या वर्षाला त्यानं प्रवेशच घेतला नाही. आता गोव्यात एका कारखान्यात आहे, असं त्याच्या गावच्या मुलांकडून कळलं. वर्गात त्याचं मराठी अक्षर सगळ्यांत देखणं होतं.

तेव्हा वाचकहो, हा अंक बाजूला ठेवून आधी पॉलिसी काढा आणि त्यावर दोन वेगवेगळ्या तारखा आहेत का ते बघा. 'ओन डॅमेज'ची तारीख उलटली असेल तर उद्याच भरा. पॉलिसीवर आयडीव्ही म्हणून एक रक्कम असते. गाडी गेली तर साधारण तेवढी रक्कम मिळते. ती दर वर्षी घसरत जाते. गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर सर्वसाधारणपणे वीस टक्के आणि चार ते पाच वर्षांची असेल तर पन्नास टक्के घसारा धरतात. हप्ता कमी बसावा म्हणून ही रक्कम मुद्दाम कमी लावून घेऊ नये. गाडीवर कर्ज असेल तर भरपाईतून आधी फायनान्सचे पैसे वळते होतात, हेही ध्यानात ठेवावं.

गाडी गेल्याचं लक्षात आलं की आधी ११२ ला फोन करावा आणि त्याच दिवशी पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. "दोन दिवस शोधू, मग बघू" हे सर्वांत घातक. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही पोलीस स्टेशनला त्याची माहिती देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांना याचा उपयोग मोठा आहे. गाडी एमएच ०९ ची, चोरी बेळगावात आणि मालक चंदगडचा, अशी गुंतागुंत आपल्याकडं नित्याची आहे. विमा कंपनीला आणि गाडी जिथं पासिंग झाली त्या आरटीओलाही लगेच लेखी कळवावं, म्हणजे ती परस्पर दुसऱ्याच्या नावावर होणं अवघड जातं. विमा कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा नाकारला गेल्याच्या तक्रारी पूर्वी पुष्कळ असायच्या. २०२० मध्ये एका ट्रॅक्टरच्या चोरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पोलिसांत तक्रार तातडीनं केलेली असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावरून खरा दावा नाकारता येणार नाही. अर्थात त्यावर विसंबून उशीर करण्यात शहाणपण नाही.

सीमेवरची आणखी एक गंमत सांगतो. आमच्या एका सहकाऱ्याची स्कूटर बेळगावात चोरीला गेली. ते मूळचे कोल्हापूरचे, विमाही तिकडचाच. तपास होऊनही गाडी सापडली नाही, की पोलीस तसा अहवाल कोर्टात देतात आणि तो कागद मिळाल्याशिवाय विम्याचे पैसे मिळत नाहीत. तिकडच्या विमा कचेरीतून त्यांना सांगण्यात आलं, "ए समरी आणा." इथं पोलीस स्टेशनात तसा कागदच कुणाला माहीत नाही. चार खेपा झाल्यावर उलगडा झाला. गुन्हा खरा, पण तपास लागला नाही, याला महाराष्ट्रात 'ए समरी' म्हणतात आणि कर्नाटकात 'सी रिपोर्ट'. कागद एकच, नाव दोन. अशा कामात असणाऱ्यांनी हे कापून ठेवावं.

गाडी सापडली तरी ती पोलीस स्टेशनच्या आवारात पावसात गंजत पडते, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पण ती पडून राहायलाच हवी असं नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात १ ऑक्टोबर २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं आहे, की जप्त वाहनं पोलीस ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात अर्थ नाही, पंचनामा करून, फोटो काढून आणि योग्य ती हमी घेऊन ती द्यावीत. मालकानं वकिलामार्फत कोर्टात अर्ज करावा. मात्र गाडी आपलीच हे सिद्ध करायला चेसिस नंबर लागतो. चोर नंबरप्लेट पहिल्या तासातच काढून टाकतो. सतरा अक्षरी चेसिस नंबर हँडलच्या खाली सांगाड्यावर कोरलेला असतो. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासली की छाप उमटतो. असा एक छाप घरच्या फाईलमध्ये आणि एक फोटो मोबाईलमध्ये असावा.

एवढं सगळं सांगून झालं, तरी मुख्य गोष्ट अजून राहिली आहे. चोरलेल्या गाडीचं पुढं होतं काय? चोर ती दिवाणखान्यात सजवून ठेवत नाही. तो ती विकतो. घेणारा कुणी आकाशातून पडलेला नसतो, तो आपल्यातलाच असतो. "कागद नंतर देतो," "फायनान्सनं ओढून आणलेली आहे," "मालक परदेशी गेलाय," असं सांगून लाखाची गाडी पंधरा हजारांत मिळते, आणि आपण विचारतो फक्त "अजून थोडं कमी होईल का?" खेड्यात तर म्हणतात, "शेतात वापरायला कागद कशाला?" जी गाडी अखंड विकता येत नाही, तिचे सुटे भाग विकले जातात. स्वस्त चाक, स्वस्त टाकी घेणाऱ्यानं ते भाग कुठून आले हे विचारलेलं नसतं.

व्हित्तोरिओ दि सिका या इटालियन दिग्दर्शकाचा 'बायसिकल थीव्हज' हा १९४८ चा सिनेमा पुष्कळांना माहीत असेल. महायुद्धानंतरचं रोम. बेकार माणसाला भिंतीवर पोस्टर चिकटवण्याची नोकरी मिळते, पण अट एकच, सायकल हवी. घरातल्या चादरी गहाण टाकून तो सायकल सोडवून आणतो, आणि पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. बाप आणि छोटा मुलगा शहरभर ती शोधत फिरतात. सायकलींच्या सुट्या भागांचा भरगच्च बाजार त्यात आहे. तिथं घंट्या, पंप, सांगाडे ढिगांनी मांडलेले आहेत. तो बाजार बघताना मला नेहमी वाटतं, की चोरी करणारा एक, पण तिच्यावर चालणारे किती! शेवटी तो बाप स्वतःच दुसऱ्याची सायकल उचलायला जातो आणि मुलासमोर पकडला जातो. ज्याचे पाय कापले गेले, त्याला दुसऱ्याचे पाय कापावेसे वाटले. चोरीची साखळी अशी लांबत जाते.

कायद्याच्या दृष्टीनंही घेणारा सुटत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि कलम ३१७ प्रमाणे चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला सबळ कारण असताना तो घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पंधरा हजारांत बिनकागदाची गाडी हे सबळ कारण नाही, असं कोर्टात म्हणणं कठीण आहे.

म्हणून जुनी गाडी घेताना आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघावा. घासल्याच्या खुणा किंवा वेडेवाकडे ठसे दिसले तर तिथूनच परत फिरावं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडं देशभरच्या चोरीच्या वाहनांची यादी आहे. डिजिटल पोलीस पोर्टलवर नागरिकालाही गाडी त्या यादीत आहे का ते तपासता येतं. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची 'ना हरकत' लागते, आणि मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ती देण्याआधी चोरीची तक्रार नाही असा पोलिसांचा लेखी अहवाल घ्यावा लागतो. म्हणजे 'ना हरकत' टाळणारा विक्रेता नेमकं काय टाळतो आहे, ते समजून जावं. विकणाऱ्यानंही कोऱ्या फॉर्मवर सह्या करून मोकळं होऊ नये. राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत, राज्याबाहेर पंचेचाळीस दिवसांत आरटीओला कळवणं त्याचं काम आहे, आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत. नाव बदललं नाही, तर पुढं त्या गाडीवरून काही गुन्हा घडला की पोलीस जुन्या मालकाचंच दार ठोठावतात.

कडी, साखळी आणि विमा ही आपल्या गाडीची राखण झाली. पण आपल्या गल्लीतली, आपल्या गावातली गाडी सुरक्षित व्हायची असेल, तर चोरीच्या गाडीला गिऱ्हाईक मिळता कामा नये. यासाठी पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. उद्या आपला पुतण्या, भाचा किंवा शेजारचा पोरगा कौतुकानं म्हणाला, "काका, गाडी घेतली, एकदम स्वस्तात मिळाली," तर पेढा घेण्याआधी त्याला एवढंच विचारायचं, "कागद कुठं आहेत?"